सांगितलेली शिकार

सुकदेव पिशवी खांद्याला अडकवून दारात उभा राहिला की शोभाच्या जिभेवर प्रश्न यायचा आणि तिथेच विरायचा. सासू ओट्यावर बसलेली असायची. धुरपदाबाईचं लक्ष पोराकडे कमी आणि सुनेच्या तोंडाकडे जास्त.

"इचारू नको वं," ती पहिल्याच दिवशी बोलली होती. "शिकारले निंघेल मानूसले कोठे चालना आसं इचारतस का? पाखरं ऐकतस. रान रिकामं व्हई जास."

ही रीत शोभाला काही नवी नव्हती. तिच्या बापालाही तितरांचा नाद होता. त्याने फासे उचलले की आई भिंतीकडे तोंड करून धान्य निवडत बसायची, तो नजरेआड होईपर्यंत मान वर करायची नाही. पण बाप जायचा अधूनमधून, हाताला काम नसलं की. हा रोज चालला होता, कामावर गेल्यासारखा. रोज जाणाऱ्या नवऱ्यालाही विचारायचं नाही म्हणजे बाईने काय डोळेसुद्धा बांधून घ्यायचे?

प्लेगाची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. कडोदऱ्याच्या मागे, कालव्याच्या अंगाला, उसाच्या शेतांना टेकून पत्र्याची एक चाळ होती. सगळी माणसं पोटासाठी खानदेशातून इथे आलेली, कुणी साक्रीकडचं, कुणी शिरपूरकडचं. पुरुष सगळे लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर. लूमच्या शेडला तिकडे खातं म्हणतात. दिवाळी झाली आणि शेठ लोकांनी मीटरमागचा दर उतरवला. कामगारांनी खाती बंद पाडली. चाळीच्या तोंडाशी मारुती होता, त्याच्यापुढे घराघरातल्या पुरुषाने बेलभंडार उचलला. जुना दर मिळेपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. लावेल त्याच्या घराला चाळीत जागा नाही, नळाचं पाणी नाही, गावाकडे सोयरीक नाही. हे शब्द बंद पुकारणाऱ्या किसनने खणखणीत आवाजात म्हटले आणि बाकीचे त्याच्यामागून बोलले. सुकदेवही बोलला. शोभाने ऐकलं होतं.

तेव्हापासून बाया उसाच्या फडात जात. तोडणी चालू होती, तोडलेल्या उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं गोळा करायचं, मोळ्या बांधायच्या आणि म्हशीवाल्यांच्या दारात नेऊन टाकायच्या. पाचटाने हात चिरायचे. त्या चिरांत मिठाचं पाणी गेलं की भाकरी थापताना जीव जायचा. पुरुष मारुतीपुढे बसून विड्या ओढत, आणि विड्या संपल्या की एकमेकांवर खेकसत.

सुकदेवने मात्र आईच्या गाठोड्यातून बापाचे जुने फासे काढले. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे, दोरीला ओळीने बांधलेले. म्हणाला, कालव्याच्या कडेला तितर बोलतो, बसून राहण्यापेक्षा बघतो. धुरपदाबाईने फाश्यांना हळद लावली आणि तिच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी तेज आलं. तिचा नवरा शिकारी होता. तिच्या लेखी लूम म्हणजे पोटापुरती गोष्ट, आणि फासा म्हणजे घराणं.

तितरं आली. रोज नाही, पण आली. मग धुरपदाबाईने दुसरी रीत काढली. शिकार एकट्या घरात शिजत नाही, तिचा वाटा घराघरात गेला पाहिजे. मांस कितीसं असणार, पण पातेलंभर रस्सा व्हायचा आणि वाटी वाटी करून चाळीत फिरायचा. लोक म्हातारीच्या पाया पडू लागले. किसनची बायको सरलाबाई, जी एरवी शोभाला पाण्याच्या रांगेत पुढे जाऊ देत नसे, तीही वाटी घेऊन दाराशी यायला लागली.

शोभाला पहिल्यांदा खटकला तो नवऱ्याचा आवाज.

शिकारीवरून आलेला माणूस हळू बोलतो. दिवसभर त्याने तोंडातून शब्द काढलेला नसतो, श्वासही मोजून घेतलेला असतो. तिचा बाप घरी आल्यावर अंधार पडेपर्यंत कुजबुजतच असायचा, पोरं हसायची त्याला. सुकदेव यायचा तो ओरडत. "पाणी दे गं," म्हणायचा तर शेजारच्या घरातली बाई तांब्या भरायची. समोर बसलेल्या आईशी बोलताना शेताच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलायचा. शोभाने एकदा म्हटलं, अहो, आम्ही बहिऱ्या नाही. तर एकदम तिच्याकडे बघत राहिला.

मग तिने पाखरं नीट पाहिली. साफ तीच करायची, पण आधी डोळे उघडे नव्हते. फाशात पाखराचा एक पाय अडकतो, नाहीतर मान. इथे दोन्ही पाय जोडून सुतळीचा वळ उठलेला. गळ्यातली दाण्याची पिशवी चिरली तर आत नुसती बाजरी, कोरडी, स्वच्छ. रानातल्या तितराच्या पिशवीत गवताचं बी निघतं, वाळवी निघते, एखादा भुंगेरा निघतो. ही बाजरी कुणीतरी पिंजऱ्यात टाकलेली होती. शोभाने ती राखेत लोटून दिली आणि सासूला काही बोलली नाही.

तितरं विकतची. मग हा दिवसभर असतो कुठे? आणि बंदमध्ये त्याला पैसा देतं कोण?

नळावर सरलाबाई होतीच. "शोभा, तुझा माणूस लई नशिबाचा बाई," ती हंडा घासत म्हणाली. "रान त्याच्यासाठी पाखरं बांधून ठेवतं जसं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. नाहीतर एखादी बाई ठेवत असेल बांधून." आणि हसली. "मस्करी करते गं. लगेच काय तोंड पाडतेस?"

शोभाच्या डोक्यात ते शब्द गोमाशीसारखे घोंघावत राहिले. कालव्याच्या पलीकडे ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्या होत्या. तिथे एकट्यादुकट्या बाया होत्या. तिने नवऱ्याचा सदरा हुंगून पाहिला. मशीनच्या तेलाचा वास आला, पण तो तर त्याच्या कातडीतच मुरलेला. तिला दुसरा वास हवा होता आणि तो येत नव्हता म्हणून तिला जास्तच राग आला. इतकं लपवतो मेला, असं ती भाकरीला बोलली.

दुसऱ्या सकाळी तो निघाला तशी तीही विळा आणि दोरी घेऊन निघाली. सरलाबाईने नळावरून पाहिलं. पाहू दे, शोभा म्हणाली मनात. वाढं गोळा करायला जाणाऱ्या बाईला कोण हटकणार?

धुकं होतं. सुकदेव उसामधल्या वाटेने पुढे चालला होता आणि एकदाही खाली बघत नव्हता. इथेच शोभाची उरलीसुरली आशा गेली. फासेवाला माणूस जमिनीवर नजर ठेवून चालतो. वाटेत एका जागी तितरांनी धुळीत अंग घोळून चांगला खळगा केला होता, पिसंही पडली होती. हा त्यावर पाय देऊन गेला.

पुढे कालव्याची मोरी लागली. दिवाळीपासून कालव्याला पाणी नव्हतं, दुरुस्ती चालू होती. सुकदेव वाकला, पिशवी मोरीच्या नळीत सरकवली, तिच्यातून भाकरीचं फडकं तेवढं काढून घेतलं आणि झोपड्यांकडे न वळता उजवीकडे गेला. तिकडे खाती होती. पुढच्या बाजूला शटर, शटरला कुलूप, कुलपावर धूळ. सुकदेव मागून गेला. छोटं दार होतं, ते आतून उघडलं आणि लगेच मिटलं.

शोभा भिंतीजवळ गेली. खिडक्या गोणपाटांनी बंद केल्या होत्या. तिने भिंतीला तळहात लावला. भिंत थरथरत होती. आत लूम चालू होते.

आधी तिला हसू आलं. बाई नव्हती. बाई नव्हती, आणि तिने किती रात्री दात खाऊन काढल्या होत्या. मग हसता हसता ती तिथेच पाचटावर बसली. बेलभंडार. किसनचा आवाज. चाळीत जागा नाही, नळाचं पाणी नाही. गावी पोरं आजोळी ठेवली होती, मुलीचं, गायत्रीचं, एक-दोन वर्षांत लग्न बघायचं होतं. कोण करणार होतं सोयरीक?

परत येताना तिने मोरीतली पिशवी काढून पाहिली. फासे सासूने हळद लावून गुंडाळले होते तसेच होते. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

ऊन कलायच्या सुमाराला ती पुन्हा मोरीजवळ येऊन बसली. सुकदेव आला तेव्हा त्याच्या हातात जिवंत तितरं होती, पाय सुतळीने बांधलेली. कामरेजच्या रस्त्यावर एक पिंजरेवाला बसायचा, त्याच्याकडची. बायकोला बघून तो थबकला.

"तू इथे काबर?" तो ओरडला.

"हळू बोला. मशीन तिकडे राहिलं."

तो खाली बसला.  "कुणाला बोललीस?"

"मला वाटलं बाई ठेवली."

"बाई असती तर बरं वाटलं असतं तुले?"

"हो. तिच्याशी मी एकटी भांडले असते. आता चाळीतल्या कुणाकुणाशी भांडू?"

"शेठने निरोप धाडला होता," सुकदेव म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "म्हणे, मागच्या दाराने ये. बाकीचे सगळे बाहेरचे आहेत, युपीचे, आपल्यातला मी एकटाच. मी काय करू? बायकोने वाढं वाहायचं आणि मी मारुतीपुढे बसायचं? दर वाढला तर सगळ्यांना वाढेल, मला काय नकोय? पण तोवर खायचं काय?"

"आणि रोज वाटा घेऊन जातात ते?"

"वाटा आईने काढला. मी नको म्हणलो असतो तर काय कारण सांगितलं असतं? आणि एक सांग, त्यांच्या ताटात घास कोण घालतंय आज? किसन घालतोय? मी घालतोय."

हे बोलताना त्याची मान ताठ झाली होती. शोभाला त्याची कीव आली आणि चीडही आली. तो एका तितराची मान मुरगळायला लागला तशी तिने त्याच्या हातातून पाखरं काढून घेतली. तिच्या बापाने कधी पाखराला असं मारलं नव्हतं, पंख मिटून, दोन शब्द बोलून, मग मारायचा. तिला ते शब्द आठवत होते, पण विकतच्या पाखरांना काय बोलायचं ते तिला कळेना. ती काही न बोलता काम उरकून उठली.

दिवेलागणीला रस्सा झाला. लोक ओट्यासमोर जमले. किसनही आला, पण त्याने समोरच्या ताटाला हात लावला नाही.

"कापडाचे ताके भरले आज टेम्पोत," तो म्हणाला. "बंद खात्याच्या मागच्या दारातून. ज्याने पाहिलं तो खोटं बोलणारा नाही. आत आपल्यातला एक आहे."

 प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं.

"धुरपदामाय," किसन म्हणाला, "तुमच्यात शिकार सांगायची रीत आहे ना? खाण्याआधी शिकाऱ्याने सांगायचं, वारा कुठला, पाखरू कसं आलं. सुकदेव नेहमी थकलो म्हणतो. आज सांगू द्या की."

धुरपदाबाईला यात काय वाईट दिसणार? ती खूशच झाली. "सांग रे," ती म्हणाली. "खरं सांगेल शिकारच आंगले लागस. तुना बाप सांगे तव्हय गाव जमे."

सुकदेव सांगायला बसला. बसला आणि ओरडूनच बोलायला लागला. "गेलो सकाळी. फासे लावले. पाखरं आली."

"वारा कुठला होता?"

"समोरचा."

"पाणी कुठे प्याली पाखरं?"

"कालव्यावर."

"कालव्यात पाणी आहे?" किसनने विचारलं.

 मारुतीपुढे बसणारे सगळे जण कालव्याच्या कडेने परसाकडे जात. कालवा कोरडा आहे हे तिथल्या शेळ्यांनाही माहीत होतं. मागे बसलेला एक जण हळूच उठून उभा राहिला. शोभाने सासूकडे पाहिलं. म्हातारी अजून हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या शब्दाची वाट बघत होती.

"कालव्यावर नाही," शोभा म्हणाली. "मोरीत. यांना सांगता येत नाही नीट. मी होते सोबत."

"बाई शिकारीला?"

"माझ्या बापाबरोबर जायची मी. आज हेच म्हणाले, चल."

"गेली खरी," सरलाबाई म्हणाली. "सकाळी सुकदेवच्या मागोमाग, विळा घेऊन. मी पाहिलं."

किसनने हात केला. सांग.

शोभा जमिनीला तळवे टेकून बसली, बाप बसायचा तशी, आणि आवाज खाली आणला. इतका, की लोकांना पुढे सरकावं लागलं.

"वारा उसाकडून होता. मी वाऱ्याच्या खाली बसले."

"हां," धुरपदाबाई म्हणाली. हुंकार द्यायची रीत होती.

"मोरीच्या तोंडाशी ओल होती. ओलीवर पाय उमटलेले. पायांत घाई नव्हती."

"हां," दोघं-तिघं म्हणाले.

"नर बाभळीमागून बोलला. मी जीभ टाळूला लावून त्याच्यासारखी बोलले, पण अर्धीच बोलले. पुरं बोललं की पाखराला माणूस कळतो."

"हां."

"फासे कुंपणाच्या फटीत. केस दवाने ताठ झाला होता, थुंकी लावून मऊ केला. मग हे पाखरं हाकत उसाच्या बाजूने चालत आले. धावले नाहीत. नर पुढे, मादी मागे. नराने फट पाहिली आणि उभा राहिला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं त्याने."

इथे कुणी हुंकार दिला नाही. सगळे त्या फटीजवळ जाऊन बसले होते.

"मग पाऊल टाकलं. मी पंख मिटले आणि बोलले, दाणा रानाचा, पाणी ढगाचं, भूक तेवढी माझी, माझ्या घरावर बोल ठेवू नको."

शिकार खरी होती. फक्त ती बापाची होती, साक्रीकडच्या नाल्यावरची, फार वर्षांपूर्वीची. शोभाने ती उचलून इथे आणून ठेवली होती. धुरपदाबाईने पदर डोळ्यांना लावला. किसनने भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि खाल्ली. ते बघून बाकीचेही जेवायला लागले. सुकदेवने बायकोकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. शोभाला आत कुठेतरी बरं वाटलं. राखलं घर, असं तिला वाटलं.

"सुकदेव, मनावर घेऊ नको," किसन बोटं चाटत म्हणाला. "माझा वहीम तुझ्यावरच होता. खरं सांगतो. आता गेला." मग त्याने भोवती नजर फिरवली. "पण मग कोण? श्रीरंग कुठे आहे?"

श्रीरंग म्हातारा होता, चाळीच्या टोकाला एकटा राहायचा. त्याने उभा जन्म लूमवर काढला होता.

"तो येत नाही हल्ली," सरलाबाई म्हणाली. "वाटाही परत पाठवतो. मी स्वतः दोनदा वाटी नेली, म्हणे भूक नाही."

"भूक नाही?" किसन उठला. "बंदमध्ये कुणाला भूक नाही?"

पुढचं फार भराभर झालं. कुणी कुणाला विचारलं नाही. रस्सा प्यायलेली माणसं उठली आणि चाळीच्या टोकाला गेली. शोभा पातेल्याजवळच होती. तिला आधी भांडं आदळल्याचा आवाज आला. मग ती धावली. श्रीरंगची ट्रंक ओट्यावर आली होती, घोंगडी गटारात पडली होती आणि म्हातारा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बरगड्या दिसत होत्या त्याच्या.

"सांग, कुठे जातोस सकाळचा?" किसनने विचारलं.

"फिरायला," श्रीरंग म्हणाला.

"आणि वाटा का घेत नाहीस?"

 श्रीरंगने माणसांच्या डोक्यांवरून मागे उभ्या असलेल्या सुकदेवकडे पाहिलं, मग शोभाकडे पाहिलं. रागाने नाही. मग खाली मान घातली. शोभाला एका क्षणात सगळं कळलं. लूमवर म्हातारा झालेल्या माणसाला त्या खडखडाटातून घरी येऊन ओरडणाऱ्याचा आवाज ओळखता येणार नाही? याला माहीत होतं. माहीत होतं म्हणून त्याने खाल्लं नाही, आणि घर उठेल म्हणून बोलला नाही.

"गप्प राहा," सुकदेव तिच्या कानाशी म्हणाला. या वेळी मात्र तो हळू बोलला. "तो एकटा आहे. जाईल पोराकडे गावी. आपल्यामागे चार जीव आहेत."

त्याचं चूक नव्हतं. चार जीव होतेच. शोभाच्या डोळ्यांपुढे गायत्री आली. किसनने ट्रंक उचलली आणि पायऱ्या उतरायला लागला.

"किसनभाऊ, ठेवा ती," शोभा म्हणाली.

तो थांबला.

"मी सांगितली ती शिकार माझ्या बापाची. इथे शिकार झालीच नाही. एकदाही नाही. तितरं कामरेजच्या पिंजरेवाल्याची. माझा माणूस रोज सकाळी मागच्या दाराने खात्यात जातो. म्हाताऱ्याला हात लावू नका."

 धुरपदाबाई काठी टेकत मागून येत होती, तिलाही ते ऐकू गेलं. ती मध्येच उभी राहिली.

"मग आम्ही खाल्लं ते काय होतं?" किसनने विचारलं. त्याच्या ओठांना अजून रस्सा लागलेला होता.

"माझ्या माणसाची खात्यातली मजुरी," शोभा म्हणाली. "रोज. सगळ्यांनी."

सरलाबाई गटाराच्या कडेला जाऊन थुंकली. एकाने तोंड पुसलं. किसनला आता काय करावं ते सुचेना, ट्रंक तशीच त्याच्या हातात होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. श्रीरंग पुढे आला आणि त्याने ती आपल्या हाताने काढून घेतली.

सुकदेव वळला. कुणी त्याला अडवलं नाही. तो आपल्या घराशी गेला, आत शिरला, आणि थोड्या वेळाने पत्र्याच्या दारातून त्याने स्वतःच आपली ट्रंक बाहेर आणून ओट्यावर ठेवली. मग तो आईचं गाठोडं आणायला परत आत गेला.